नेदरकॉटचं फाटक

त्या वर्षी प्लमचं पीक असं आलं की टेकू देऊनही फांद्या मोडायला लागल्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून नेदरकॉटच्या बागांत जिकडे बघावं तिकडे शिड्या. हवा कोंदट. पाऊस पडेना आणि धड ऊनही पडेना. गळलेल्या फळांवर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. पिकलेला प्लम दोन दिवससुद्धा कळ काढत नाही, म्हणून जॅमच्या कारखान्यांकडे माल पोचवायला रेल्वेनं जादा गाड्या सोडल्या.

रूबेन पिचफर्डनं जादा गाड्यांच्या हुकमाचा कागद उभ्यानं वाचला, बसून वाचला, मग उलटा करून मागे काही लिहिलंय का तेही बघितलं.

“वेळा दिलेल्याच नाहीत,” तो बायकोला म्हणाला. “डबे भरले की सोडणार म्हणे. ही काय रीत झाली?”

हेस्टर शेगडीतली राख काढत होती. तिचा हात क्षणभर थांबला. “रोज किती येतील?”

“तीन येतील, पाच येतील. फळाला विचार.”

स्टेशनात रूबेन एकटाच माणूस. तिकिटं तोच द्यायचा, दिवे तोच पुसायचा, पार्सलं तोच तोलायचा, आणि फलाटाच्या टोकाला गावचा रस्ता रूळ ओलांडायचा तिथलं फाटकही तोच लावायचा. अलीकडच्या स्टेशनातून गाडी सुटली की तिथला माणूस बटण दाबायचा आणि रूबेनच्या ऑफिसात भिंतीवरची घंटी तीन ठोके द्यायची. त्यानंतर सात मिनिटांत गाडी. तेवढ्यात फाटकाच्या दोन्ही फळ्या फिरवून रस्ता बंद करायचा आणि रूळ मोकळे करायचे. एरवी फळ्या रुळांवर आडव्या असत.

ती घंटी रूबेनला ऐकू येत नव्हती. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

पहिल्या महायुद्धात तो तोफांवर होता. तिथून आला तो कानात एक शिट्टी घेऊन. ती वाढत वाढत बाकी सगळ्या आवाजांच्या वर चढली. रोजच्या सहा गाड्यांचं अडत नव्हतं. घड्याळ होतं, आणि फलाटाच्या दगडातून गाडी तळपायाला कळायची. अडायचं ते अवेळी येणाऱ्या गाडीचं. तेवढ्यापुरती हेस्टर होती.

पहिल्यांदा ती ‘घंटी झाली रे’ म्हणाली तेव्हा तो तिच्यावर उखडला होता. “मला कान नाहीत का?” त्यानंतर तिनं तोंडानं कधी सांगितलं नाही. घंटी झाली की हातातलं टाकून ती राखेची बादली उचलायची आणि फाटकाकडे चालू लागायची. तिला जाताना बघून तो टोपी घालून उठायचा. बादलीत कधी राख असायची, कधी नसायची. दोघं त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. तो एकोणसाठ वर्षांचा होता, निवृत्तीपर्यंत सहा वर्षं काढायची होती. घर रेल्वेचं होतं. नोकरीबरोबर तेही जाणार, हे दोघांनाही बोलल्यावाचून कळत होतं.

जादा गाड्या सुरू झाल्या तशी हेस्टरनं आपलं सगळं काम ऑफिसात आणून ठेवलं. शेंगा सोलायच्या तिथंच, मोजे रफू करायचे तिथंच. सोमवारी चार गाड्या आल्या, मंगळवारी पाच. ती परसात गेली तरी दार उघडं टाकून जायची. जेवण उभ्यानं. कपडे धुवायचे राहिले. रात्री अंथरुणावर पडलं तरी तिला तीन ठोके ऐकू यायचे, आणि गाड्या रात्री येत नाहीत हे माहीत असूनही ती मान उचलायची.

बुधवारी सकाळी बॅलार्डबाई आली. स्टेशनाला लागूनच तिची बाग होती. नवरा वारल्यापासून ती एकटीच सांभाळायची. तोंडानं फटकळ, मनानं वाईट नाही. घोडागाडीतून वीस-पंचवीस करंड्या उतरवून तिनं फलाटावर रचल्या आणि हेस्टरकडे वळली.

“काय गं, यंदा शिडी चढणार नाहीस वाटतं? दरसाल तू आणि तुझं ते डोक्याचं निळं फडकं नसलं तर मला माझी बाग ओळखू येत नाही.”

“यंदा इथंच काम खूप आहे.”

“कसलं काम? मोजे शिवायचं?” बॅलार्डबाई हसली. “माझा अर्धा माल झाडावर सडतोय. दोनच बाया मिळाल्यात आणि त्यातली एक खातेच जास्त. का नवऱ्यावर पाळत ठेवतेस? या वयात त्याला कोण पळवून नेणार आहे?”

करंड्यांना चिठ्ठ्या बांधत बसलेल्या रूबेननं मान वर केली. बाई मोठ्यानं बोलायची, त्यामुळे तिचं सगळं त्याला कळायचं. त्याचा मानेकडचा भाग लाल झाला.

“जा की,” तो हेस्टरला म्हणाला. “मला कुणाच्या राखणीची गरज नाही.”

“मी म्हणत होते, उद्यापासून—”

“आज जा. लोकांचा माल सडतोय.”

तो तिच्याकडे बघत नव्हता. बॅलार्डबाई मात्र एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. आणखी अडून बसलं असतं तर बाईनं कारण विचारलं असतं. हेस्टरनं फडकं बांधलं.

शिडीवर तिचं चित्त नव्हतं. हात सवयीनं चालत होते. देठ चिमटीत धरायचा, फळ दाबायचं नाही, पोटाला बांधलेल्या टोपलीत सोडायचं. फळांवरची पांढरी पूड बोटांना चिकटत होती. बागेतून घंटी ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून ती शिडीच्या वरच्या पायरीवर चढली. तिथून ओढ्यापलीकडचा रुळांचा एक तुकडा दिसायचा, त्यानंतर वळण, आणि वळणाच्या अलीकडे फाटक. पहिली जादा गाडी नेमकी रोजच्या गाडीच्या मागोमाग आली आणि रूबेन फाटकातच उभा होता, म्हणून निभावलं. हेस्टरला वाटलं, आजचा दिवस जाईल. उद्या ताप आल्याचं सोंग करू.

दुपारी दोनच्या सुमाराला बॅलार्डबाईनं घोडागाडी भरली. दोन्ही मजूर बाया मागे करंड्यांवर पाय सोडून बसल्या. “रूबेनला सांगते, तुझी बायको अजून झाडावर आहे, खाली पडली नाही,” असं ओरडून तिनं घोडा हाकला.

हेस्टरनं वरच्या पायरीवरून ओढ्यापलीकडे बघितलं. झाडांच्या शेंड्यावर पांढरा धूर होता. पुढे पुढे सरकत होता.

तिनं फाटकाकडे बघितलं. रस्ता उघडा.

शिडीवरून ती कशी उतरली ते तिला नंतरही आठवलं नाही. एक पायरी चुकली, नडगी सोलली. पोटाला टोपली तशीच, फळं उडतायत, आणि ती झाडांच्या रांगेतून कुंपणाकडे धावतेय. कुंपणात फट होती, तिथून रस्त्यावर येता यायचं. काटे बाह्यांत अडकले. वळणापलीकडे इंजिनानं शिट्टी दिली. मग परत दिली, लांब.

रूबेन फलाटावर वजनकाट्यापाशी वाकून करंडी तोलत होता. त्याची पाठ फाटकाकडे होती. शिट्टी झाली तेव्हा त्यानं वजनाचं लोखंड उचललं आणि दुसरं ठेवलं.

बॅलार्डबाईची गाडी रुळांच्या मधोमध होती. शिट्टीनं घोडा बिचकला, पुढचे पाय रोवून उभा राहिला आणि मागे रेटायला लागला. मागच्या दोघींनी उड्या टाकल्या. बाईनं टाकली नाही. ती लगाम ओढत, घोड्याला शिव्या देत तिथंच बसून राहिली.

“सोड गं, उतर!” हेस्टर ओरडली. आवाज फुटला की नाही तिला कळलं नाही.

वळणावरून इंजिन बाहेर आलं. ड्रायव्हरला फाटकावरची लाल तबकडी दिसली असावी, कारण चाकं कर्कश ओरडायला लागली, रुळांतून ठिणग्या उडाल्या. तेव्हा कुठं फलाट पायाखाली थरथरला आणि रूबेन वळला. हातातलं वजन टाकून तो धावला. पण फाटकाकडे नाही, घोड्याकडे. त्यानं घोड्याच्या तोंडाची वादी धरली आणि सगळ्या अंगानं पुढे ओढली. गाडी एका झटक्यात रुळांवरून निघाली. करंड्या धडाधड खाली आल्या. पुढच्या क्षणी इंजिन फाटकाच्या एका फळीवर येऊन टेकलं. फळी मोडल्याचा आवाज झाला. इंजिन वाफ सोडत थांबलं.

रस्ताभर प्लम पसरले होते.

गार्बेट नावाचा ड्रायव्हर खाली उतरला. या मार्गावर तो वीस वर्षं गाडी चालवत होता. मोडलेल्या फळीकडे बघत त्यानं विचारलं, “फाटक का उघडं होतं, रूबेन?”

रूबेन घोड्याची वादी धरूनच उभा होता. गार्बेटच्या तोंडाकडे बघत तो म्हणाला, “घंटी नाही झाली.”

“नाही झाली?”

“नाही झाली. झाली असती तर मी फाटक लावलं नसतं का?”

हेस्टर कुंपणापाशी धापा टाकत उभी होती. नवरा खोटं बोलत नव्हता. त्याच्यापुरती घंटी खरंच झाली नव्हती. पण हे तिलाच माहीत होतं.

झाल्या गोष्टीचा अहवाल गेला. त्यात रूबेननं लिहिलं की अलीकडच्या स्टेशनातून इशारा आला नाही. दुसऱ्या दिवशी तारांचा माणूस येऊन घंटी, तार, बटण सगळं तपासून गेला. सगळं ठीक होतं. मग दोषी राहिला बटण दाबणारा. अलीकडच्या स्टेशनात सायमन टॉवी म्हणून तिशीतला माणूस होता. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं.

घरात त्या दिवसांत जेवताना चमच्यांचे आवाज तेवढे ऐकू यायचे, तेही हेस्टरलाच. ती ऑफिसातून हलत नव्हती. बॅलार्डबाईकडे कामाला जायचं आता कुणी म्हणतही नव्हतं. बाई स्वतः येऊन रूबेनचे दोन्ही हात धरून आभार मानून गेली होती. “तुझ्यामुळे मी आणि माझा घोडा आहोत,” म्हणाली. गावात रूबेनचं नाव झालं. दुकानात हेस्टरला लोक वाट देऊ लागले. ती पाव घेऊन मान खाली घालून परत यायची.

शनिवारी टॉवीची बायको नेल सायकलवरून आली. चार मैल आली होती. चेहरा घामेजलेला, झग्याची कड तेलानं काळी. आत ये म्हटलं तरी ती आली नाही.

“त्यानं बटण दाबलं होतं,” ती म्हणाली. “मी तिथंच होते, त्याचा डबा घेऊन गेले होते. तीनदा दाबलं. मी साहेबांना सांगितलं तर म्हणतात, बायको तर असं म्हणणारच.”

हेस्टरनं हात झग्याला पुसले.

“तुझा नवरा खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. बॅलार्डबाईला त्यानं वाचवलं, सगळे सांगतात. पण मग घंटी गेली कुठं? तूच सांग. वाटेत पडली?”

“मी त्या वेळी बागेत होते, नेल.”

“होय, ते कळलं मला.” नेलनं सायकल वळवली. “तू ऑफिसात असतीस तर बरं झालं असतं. तू ऐकली असतीस.”

ती हे सहज बोलली की मुद्दाम, हेस्टरला कळेना. त्या संध्याकाळी ती रूबेनसमोर जाऊन बसली, अगदी उजेडात, त्याला तिचे ओठ दिसतील अशी. “टॉवीला तीन लेकरं आहेत,” ती म्हणाली.

रूबेन बूट पुसत होता. “मग त्यानं काम नीट करायला हवं होतं.”

“रूबेन.”

“घंटी झाली नाही,” तो म्हणाला आणि दुसरा बूट घेतला. ब्रश एकाच जागी फिरत राहिला.

चौकशीला लॅथबरी साहेब गुरुवारी दहाच्या गाडीनं आले. उंच, वाकलेले, सर्दी झालेले गृहस्थ. त्यांनी फाटक बघितलं, नवी बसवलेली फळी हलवून बघितली, वळणापर्यंत चालत जाऊन आले. मग ऑफिसात येऊन बसले. हेस्टरनं चहा ठेवला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर शेंगा घेऊन बसली. साहेबांनी तिला जा म्हटलं नाही.

ते रूबेनच्या समोर बसून, स्पष्ट बोलत होते. रूबेनला त्यांचं कळत होतं. नोकरीची वर्षं, लढाईतली तुकडी, त्या दिवशीचा घटनाक्रम. त्यानं नीट उत्तरं दिली.

“बाईंना वाचवलंत ते मोठं काम केलंत,” साहेब म्हणाले.

“कुणीही केलं असतं, साहेब.”

“कुणीही केलं नसतं.” त्यांनी नाक पुसलं आणि कागदात मान घातली. “आणखी एक-दोन गोष्टी लिहायच्या आहेत. तुम्ही चहा प्या.”

त्यांनी लिहायला घेतलं. रूबेननं कप उचलला. बाहेर कबुतर घुमत होतं. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते, आणि पावणेबारापर्यंत रोजच्यातली एकही गाडी नव्हती.

घंटी वाजली. तीन ठोके, स्वच्छ.

हेस्टरचे पाय उठायला निघाले. दोन वर्षांची सवय. बादली तिच्या हाताशीच होती. साहेबांनी लिहिणं थांबवलं नाही, मानही वर केली नाही, पण पेन कागदावर हलत नव्हतं. तिच्या लक्षात आलं. ही घंटी त्यांनीच सांगून ठेवलेली होती.

रूबेननं चहाचा घोट घेतला. आणि मग त्यानं हेस्टरकडे बघितलं. दर दोन-तीन मिनिटांनी बघायचा तसंच, सहज. ती बसलेली आहे हे बघून त्यानं नजर वळवली.

ती उठली असती तर तो उठला असता. टोपी घातली असती, ‘माफ करा साहेब, घंटी झाली’ म्हणाला असता. साहेब संशय घेऊनही काही करू शकले नसते. घर राहिलं असतं. टॉवी गेला असता. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा शिड्या लागल्या असत्या.

तिनं शेंग सोलली. दाणे वाडग्यात पडले. दुसरी घेतली. बोटं इतकी ओली झाली होती की शेंग हातातून सटकली. ती उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली, कारण वर बघण्याचं बळ तिच्यात नव्हतं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. तीन.

“पिचफर्ड,” साहेब म्हणाले. मान खाली घालून, हळू आवाजात म्हणाले. रूबेन खिडकीतून बाहेर बघत चहा पीत होता. “पिचफर्ड,” त्यांनी पुन्हा म्हटलं. मग उठून त्याच्या समोर आले, वाकले आणि स्वच्छ बोलले, “आत्ता घंटी झाली. तीन मिनिटांपूर्वी.”

रूबेननं कप खाली ठेवला. तो साहेबांकडे बघत नव्हता. हेस्टरकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिनं सोसला असता. तो नुसता गोंधळलेला दिसत होता, चालता चालता पायरी नसलेल्या जागी पाय पडलेल्या माणसासारखा.

पुढचं सगळं शांतपणे झालं. कानाच्या डॉक्टरनं तपासलं. टॉवी कामावर परत गेला. साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते कळलं नाही, पण रूबेनला काढून टाकलं नाही. वीस मैलांवरच्या जंक्शनगावात मालडब्यांवरच्या ताडपत्र्या शिवायची शेड होती, तिथं त्याला घेतलं. रुळांपासून लांब. सप्टेंबरअखेर घर रिकामं करून दिलं. सामान न्यायला बॅलार्डबाई आपली घोडागाडी घेऊन आली. चौकशीत काय झालं ते तिच्या कानावर आलेलं होतं. खाट चढवताना ती हेस्टरला एवढंच म्हणाली, “मी तुला झाडावर ओढून नेलं. माझी जीभ झडो.”

जंक्शनगावात एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीण, शेजारी बूट दुरुस्त करणारा. रूबेन सकाळी सातला जायचा, सहाला यायचा. ताडपत्रीच्या डांबराचा वास त्याच्या कपड्यांना यायचा, जाड सुईनं बोटं भोकभोक झालेली असायची. हेस्टर त्यांना चरबी लावून द्यायची. तो हात पुढे करायचा, पण बोलायचा नाही. ‘मीठ दे’, ‘दिवा घालव’, एवढंच. पाच आठवडे असे गेले. तिनंही समजूत घालायला जाणं सोडलं होतं. आपण याला दगा दिला, असं तिला कधी वाटायचं. कधी रुळांमधला घोडा डोळ्यांसमोर यायचा. मग दोन्ही एकदम येऊन ती रस्त्यातच थांबायची.

नोव्हेंबरातला एक रविवार. बाहेर धुकं दाटलेलं. ती बटाटे सोलत होती, तो खिडकीशी बसला होता.

“तू उठली नाहीस,” तो एकाएकी म्हणाला.

तिच्या हातातली सुरी थांबली. “नाही.”

“मला वाटलं घंटी झालीच नाही. तू बसलीयस म्हणजे झालेली नाही. माझं एवढंच होतं गं. घंटीबिंटी काही नाही. तुझ्याकडे बघायचं.”

तिनं सुरी खाली ठेवली. “त्या दिवशी मी बागेत होते,” ती म्हणाली. “तूच मला जा म्हणालास.”

“होय. म्हणालो.” तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. “त्या बाईसमोर मला तुला थांब म्हणता येईना. एक शब्द. तेवढा आला असता तर...” त्यानं हात हलवला. “टॉवीचंही मला माहीत होतं. बूट पुसत होतो तेव्हाही माहीत होतं. बाईला वाचवलं, वाचवलं, असं लोक म्हणायला लागले ना, मग मी तेच धरून बसलो.”

खाली कुणीतरी जिना झाडत होतं. हेस्टर पातेल्यात पाणी घालायला वळली आणि त्याच्याकडे पाठ असतानाच काहीतरी बोलली. वळून बघते तर तो खुर्चीतून अर्धा उठला होता, त्यातल्या त्यात बरा कान पुढे करून.

“काय?” तो म्हणाला.

दोन वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. कळलं नाही तरी तो मान हलवायचा, हसायचा, होय म्हणायचा.

“मी म्हटलं, बटाटे भाजू की उकडू.”

“ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोल.”

“खाली बाई आहे, रूबेन. ऐकेल ती.”

“ऐकू दे,” तो म्हणाला. “तिलाही कळू दे की मला ऐकू येत नाही.”

तेव्हा हेस्टरनं पातेलं खाली ठेवलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, बटाटे भाजू की उकडू. जिना झाडणारी थांबली. रूबेन म्हणाला, भाज.